निळ्या ग्लोव्हजवरचा चुना

१

"ठोशानं असं होत नाही," डॉक्टर देवश्री म्हणाल्या. "हा चुना आहे."

कुंदाताई देवपुजारींनी खुर्ची पुढे ओढली. अमरावतीच्या कोर्टात फौजदारी वकिली करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. समोरचा माणूस बोलायला लागला की आपण मध्ये तोंड घालायचं नाही, एवढं तरी त्या तिथे शिकल्या होत्या.

"तंबाखूत घालतात तोच ओला चुना, व्हॅसलीनमध्ये कालवलेला. नुसता असता तर पाण्यानं बराचसा निघून गेला असता. व्हॅसलीनमुळे तो पापणीच्या आत चिकटून बसला. उजवा डोळा वाचलाय. डाव्याचं मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही."

"म्हणजे काय समजू?"

"त्याच्या आईला सांगायचा धीर होत नाही, असं समजा."

पयोष्णी निवासी विद्यालयाच्या मुलांच्या दोन शाळा. एक अमरावतीबाहेर तिवशाच्या रस्त्यावर, दुसरी अकोल्याच्या जुन्या शहरात. दर हिवाळ्यात दोन्हीकडच्या मुलांची बॉक्सिंगची स्पर्धा व्हायची. काल तिची शेवटची लढत झाली, यंदा अमरावतीला. एका बाजूला अकोल्याचा जीवन गावंडे, बार्शीटाकळीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या बाजूला अमरावतीचा स्वानंद अग्निहोत्री, संस्थेचे अध्यक्ष मोरोपंत यांचा नातू. तिसऱ्या राउंडमध्ये जीवननं एकाएकी तोंड फिरवलं आणि डोळा खांद्यावर घासायला लागला. पंचांना वाटलं, मुलगा कच खातोय. त्यांनी लढत थांबवली आणि स्वानंदचा हात वर केला. टाळ्या वाजत असताना जीवन दोरांवर पडून ओरडत होता. त्या ओरडण्याचं कारण हरण्यापेक्षा वेगळं आहे, हे लोकांच्या लक्षात यायला उशीर झाला.

कुंदाताई संस्थेच्या सल्लागार समितीवर होत्या, नावापुरत्याच. पण सकाळीच मोरोपंतांनी त्यांना दवाखान्यात पाठवलं होतं. "तुम्ही वकील आहात, जरा बघून घ्या," असं म्हणून.

बाहेर बाकावर जीवनची आई आरती बसली होती. तिच्या शेजारी अकोल्याचे कोच देवानंद सर. अंगात कालचाच शर्ट, हातात वरणभाताचा डबा. "रातभर सर हलले नाईत इथून," आरती म्हणाली. "सख्खा मामा करनार नाई इतकं करून राह्यले." देवानंद सर खाली बघत डब्याचं झाकण लावत राहिले.

कुंदाताई पायऱ्या उतरत होत्या तेव्हा मोरोपंतांचा फोन आला.

"कुंदाताई, सापडला माणूस. आपला जिमखान्याचा शिपाई, नत्थुजी. तंबाखू मळत बसतो. हात न पुसता ग्लोव्हज बांधले पोरांना. दुर्दैवी अपघात. दवाखान्यानं पोलिसांना कळवलंय म्हणतात, तर ते यायच्या आत तुमच्या हातचं पानभर लिहून द्या."

"आणि त्याच्या हाताला व्हॅसलीन कुठून लागलं?"

"व्हॅसलीन?" मोरोपंतांनी विचारलं.

२

जिमखान्यात रिंग अजून तशीच उभी होती. मंडपवाले आपल्या खुर्च्या रचत होते. टेबलावर त्या दिवशीचा पेपर पडला होता आणि पहिल्याच पानावर लढतीचा फोटो होता. स्वानंद निळ्या बनियनमध्ये. ते इतकं आखूड की हात वर केल्यावर बेंबी दिसत होती. मागे स्टुलावर लाल बनियनमधला जीवन, त्याचं मांडीपर्यंत लोंबलेलं. एवढी मोठी संस्था आणि पोरांना मापाची बनियनं देता येत नाहीत, असं कुंदाताईंच्या मनात आलं आणि त्यांनी पेपर बाजूला सारला.

निळे ग्लोव्हज त्यांनी उजेडात धरले. जुन्या पद्धतीचे, बोटांच्या पेरांवर पांढरा पट्टा असलेले. ठोसा या पट्ट्यानं लागला तरच गुण, म्हणून तो पांढरा. चुना त्या पट्ट्यावर होता, दोन्ही हातांच्या. पांढऱ्यावर पांढरा. बोटानं लावलेला, कडेपर्यंत, आणि कडेच्या बाहेर निळ्यावर एक ठिपकासुद्धा नाही. हात पुसायचे राहून गेले म्हणून असा चुना लागत नाही. कुणीतरी सावकाश, जपून लावला होता. लाल ग्लोव्हज स्वच्छ होते.

नत्थुजी भिंतीला टेकून उभा होता. साठीला आलेला, वाळका.

"तंबाखू खाता तुम्ही?"

"खातो, बाई. खोटं काऊन बोलू? पन लेकराच्या डोयात चुना मी काऊन घालीन?"

"काल ग्लोव्हज कुठे होते?"

"याच टेबलावर. सकायच्या लढती झाल्या, मी पुसून ठेवले. मंग सारे जेवाले गेले. मलेबी पंगतीत वाढाले बोलावलं. कोनी नोतं इथं त्या वक्ताले. जेवन झाल्यावर आलो तं इथंच बसलो. मंग उठलोच नाई. दोघायचे ग्लोव्हज मीच बांधले, साऱ्यायसमोर."

म्हणजे ज्यानं लावला त्यानं जेवणाच्या वेळात लावला. कुंदाताईंनी हे मनात पक्कं केलं.

"व्हॅसलीन कुणाकडे असतं?"

"दोनी कोपऱ्यात असते. आपल्या गौरांग सरायकडे एक डबी, अकोल्याच्या सरायकडे एक. पोट्ट्यायच्या तोंडाले लावतात, चमडी फाटू नाई मनून." तो घुटमळला. "बाई, एक सांगू? माई चुन्याची डबी काल दुपारपासून भेटून नाई राह्यली. इथं खिडकीत होती."

"हे अध्यक्षांना सांगितलंत?"

"सांगतलं. त्यायनं ऐकून घेतलं अन् कागद पुढे केला. चुकून झालं असं लिवलं हाय त्याच्यात. सही कर मने, नोकरी जानार नाई."

"केलीत?"

नत्थुजीनं मान खाली घातली. "आजून नाई. संध्याकाळी बोलावलं हाय."

३

संशय कुणावर घ्यायचा हे उघड होतं. चुना होता निळ्या ग्लोव्हजवर, आणि निळे ग्लोव्हज घालून लढला होता स्वानंद. त्याचे कोच गौरांग सर भरधाव बोलणारा तरुण मुलगा. आपली व्हॅसलीनची डबी त्यानं स्वतःहून आणून दिली. आत बोट फिरवल्याची खूण होती, पण ती कुठल्याही वापरलेल्या डबीत असते.

"मॅडम, मला गरज काय होती?" तो म्हणाला. "जीवन चांगला आहे, पण जवळ जाऊन लढणारा आहे. काल पहिले दोन राउंड तो जवळ आलाच नाही. आम्ही दोन्ही राउंड सहज घेतले."

"जवळ का आला नाही?"

"ते त्यांच्या सरांना विचारा."

स्वानंद वसतिगृहाच्या खोलीत एकटाच बसला होता. खोलीतली बाकीची मुलं बाहेर व्हरांड्यात उभी होती. कालच्या विजेत्याशी सकाळपासून कुणी बोललं नव्हतं. चषक कॉटखाली सरकवलेला होता.

"मी लावला नाही," कुंदाताईंनी काही विचारायच्या आतच तो म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाही."

"सगळे म्हणतात." त्यानं आपले हात मांडीखाली दाबून धरले. "त्यानं तोंड फिरवलं ना, तेव्हा मी परत तिथेच मारलं. तो डोळा मिटून होता तरी मारलं. मला वाटलं तो दमलाय. दमल्यावर मारायचं असतं, असंच शिकवलंय आम्हाला."

कुंदाताईंना त्याला थोपटावंसं वाटलं, पण साक्षीदाराला हात लावायची त्यांना सवय नव्हती.

"ग्लोव्हज घालताना काही ओलसर लागलं? वास आला?"

"नाही. मला तर ते नवीनच वाटले. मी सकाळपासून लालच घालत होतो."

"लाल?"

"मी लाल कोपऱ्यात होतो. आधीच्या सगळ्या लढती मी लालमध्ये केल्या, जीवननं निळ्यामध्ये. शेवटच्या आधी आजोबा आले आणि म्हणाले, याला निळ्या कोपऱ्यात घ्या. पाहुण्यांचा सोफा आणि फोटोवाला त्या बाजूला होता. लाल कोपऱ्यातून माझी पाठच आली असती. मग आम्ही बनियनं बदलली. त्याचं मला फार आखूड झालं."

कुंदाताईंना पेपरातला फोटो आठवला. आखूड निळं आणि लोंबतं लाल.

"हे जेवणाआधी की जेवणानंतर?"

"नंतर. अगदी रिंगमध्ये जायच्या वेळी. नत्थुजी ग्लोव्हज बांधायला बसले होते तेव्हा."

कुंदाताई उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. चुना लागला जेवणाच्या वेळात. त्या वेळी कोपरे बदलणार हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या वेळी निळे ग्लोव्हज जीवनचे होते. ज्यानं कुणी ते माखले, त्याच्या हिशेबानं ते जीवनच्या हातात जाणार होते आणि जाऊन लागणार होते समोरच्याच्या तोंडावर.

त्यांनी वळून स्वानंदकडे पाहिलं. त्याचे दोन्ही डोळे रडून लाल झाले होते.

चुना त्या डोळ्यांसाठी होता.

४

मोरोपंतांनी सगळं ऐकून घेतलं. नत्थुजीच्या सहीचा कागद त्यांच्या टेबलावर तयारच होता. तो त्यांनी हळूच उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"मग हा अपघात नव्हे, कुंदाताई. हा गुन्हा आहे."

"सकाळी अपघात होता."

"सकाळी माहिती अपुरी होती." त्यांचा आवाज कापत होता, आणि तो खरोखरीच कापत होता. "माझ्या नातवाचा डोळा काढायला निघाले होते हे लोक. त्या पोरानं स्वतःच केलं असणार. आपल्या ग्लोव्हजना आपणच लावलं आणि उलटलं अंगावर. पोलिसांना मी स्वतः सांगतो."

"तो पंधरा वर्षांचा मुलगा दवाखान्यात पडलाय."

"पंधराव्या वर्षी एवढं डोकं चालतं, तर पुढे काय करेल?"

कुंदाताईंनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "कोपरा बदलायला तुम्ही सांगितलंत तेव्हा कोण काय म्हणालं?"

"कोण काय म्हणणार? पंच आपलेच होते. तो अकोल्याचा देवानंद तेवढा भांडला. त्याला प्रत्येक गोष्टीत पक्षपात दिसतो. म्हणे आमचा मुलगा निळ्यातच लढेल. ऐकेना तेव्हा म्हणाला, बरं, कोपरा बदला, बनियनं बदला, पण ग्लोव्हज तरी राहू द्या. पंचांनी सांगितलं, लाल बनियनवर निळे ग्लोव्हज चालत नाहीत. मग गप्प बसला. भांडकुदळ माणूस."

कुंदाताईंनी ग्लास पुढे ओढला. टेबलावरचं पाणी त्या प्यायल्या.

"मला अकोल्याला जाऊन येऊ द्या," त्या म्हणाल्या. "तोवर पोलिसांना त्या मुलाचं नाव सांगू नका. सांगितलंत, तर कोपरा का बदलला हे मी सांगेन. सोफा आणि फोटोवाल्यासकट."

५

मोर्णेचा पूल ओलांडून गाडी जुन्या शहरात शिरली तेव्हा बाजार भरात होता. वसतिगृह एका अरुंद गल्लीच्या टोकाला. अमरावतीच्या शाळेला जिमखाना होता. इथे पत्र्याची शेड, चिंध्या भरलेली दोन पोती आणि जमिनीवर चुन्याऐवजी विटेच्या तुकड्यानं आखलेली रिंग.

कुलदीप जीवनपेक्षा वर्षभरानं मोठा. काल जीवनच्या कोपऱ्यात पाण्याची बादली सांभाळायला तोच होता. कुंदाताईंना आधी एकच गोष्ट ठरवायची होती. जीवननं हे स्वतः केलं असेल का?

"त्याले चुन्याचं मालूम असतं," कुलदीपच म्हणाला, "तं थो आत गेला असता का, मॅडम?"

"आत म्हणजे?"

"जीवनचे हात आखूड हायेत. लांबून त्याचा ठोसा पोचतच नाई. सर आमाले एकच शिकवतात, आत घुस. समोरच्याच्या छातीले डोकं लावून लढ. रोज तेच. झोपेत बी आमी तेच बडबडतो."

"आणि काल?"

कुलदीपनं खिशातून फोन काढला. एका मुलानं अकोल्याच्या कोपऱ्यामागून सबंध लढत टिपली होती. चित्र हलत होतं, पण आवाज स्वच्छ होता. घंटा झाली आणि लगेच देवानंद सरांचा आवाज आला. दूर राह. जीवन, दूर राह. हात लावू देऊ नको त्याले. तोंड सांभाळ. दूर राह.

"पयल्या राउंडले त्यानं ऐकलं," कुलदीप म्हणाला. "हरला. दुसऱ्यात बी लांबूनच लढला, हरला. मंग स्टुलावर बसून मने, सर, मी आत जातो, नाई तं गेली हातची. सर मने, नाई. थो मने, काऊन? सर काईच बोलले नाईत. मंग तिसऱ्यात थो गेला आत. आपल्या मनानं."

पडद्यावर जीवन वाकून, दोन्ही हात तोंडाशी घेऊन, त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या दिशेनं सरळ शिरत होता. ज्याला चुना माहीत आहे तो मुलगा असं तोंड पुढे करणार नाही. कुंदाताईंच्या मनातून जीवनचं नाव पुसलं गेलं.

"दोन राउंडच्या मध्ये सर काय करत होते?"

"तोंड पुसत होते त्याचं. लई येळ. मी ओला स्पंज घेतला तं माया हातातून हिसकला. कोरड्या टॉवेलनंच पुसत राह्यले, डोयाच्या भवताल, कानापर्यंत. मी त्यायले असं करताना कधी पाह्यलं नोतं." तो पोत्याला टेकला. "सरायचा लई जीव हाय त्याच्यावर, मॅडम. घरून आनलेलं दूध पाजतात त्याले. गेल्या साली अमरावतीले मी जिंकलो होतो. साऱ्यायनं पाह्यलं. पंचानं हात दुसऱ्याचा वर केला. त्या दिवशी सर गाडीत रडले. यंदा मने, जीवन तं जिंकूनच येईल, कोनाचा बाप आडवा आला तरी."

कुंदाताईंनी फोन परत दिला. त्यांना हवं ते सगळं मिळालं होतं. परतीच्या रस्त्यावर ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, बाई, बरं वाटत नाही का.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या मागच्या आवारात, कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर ती दोघं बसली. देवानंद सरांनी आज शर्ट बदलला होता, दाढी मात्र तशीच होती.

"काल सगळी लढत मी फोनवर पाहिली," कुंदाताई म्हणाल्या. "त्या रिंगमध्ये निळ्या ग्लोव्हजना एकच माणूस भीत होता. जीवन भीत नव्हता, तो त्यांच्यात तोंड घालत होता. स्वानंदला कल्पना नव्हती, तो तेच हात घेऊन लढत होता. नत्थुजींनी साऱ्यांसमोर ते बांधले आणि निवांत खाली बसले. भीत होतात तुम्ही. आत घुस शिकवणारा माणूस पहिल्या घंटेपासून दूर राह म्हणत होता. ओला स्पंज तुम्ही लागू दिला नाही. जे तोंडावर आलं असेल ते कोरडंच पुसून काढायचं होतं तुम्हाला."

देवानंद सर समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"आणि त्याच्याही आधी तुम्ही भांडलात. कोपरा बदला, बनियनं बदला, पण ग्लोव्हज तरी राहू द्या. सर, दोन्ही ग्लोव्हज एकाच मापाचे, एकाच दुकानातले. ते कुणाच्या हातात जातात यानं कुणाला फरक पडणार होता? ज्याला त्यांच्यावर काय आहे हे माहीत होतं, त्यालाच."

आवारात कुणीतरी चादरी झटकत होतं.

"डबी खिडकीत होती," देवानंद सर म्हणाले. "मी काही ठरवून गेलो नव्हतो, मॅडम. जेवायला बसलो होतो, अन् पंगतीत पंच अध्यक्षांच्या शेजारी बसून हसत होते. मले समजलं, यंदाही तेच होनार. उठलो, जिमखान्यात गेलो. मले वाटलं, थोडं चुरचुरेल. डोळ्यातून पाणी येईल, पोट्टा मागे सरेल, पंचांना बी मग काही करता येनार नाई. आम्ही लहानपणी चुन्याचे हात डोळ्याला लावलेले आहेत. काही होत नाई."

"तेव्हा तो चुना व्हॅसलीनमध्ये कालवलेला होता?"

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"नत्थुजींची डबी घेतलीत. संशय कुणावर जाणार हे तेव्हा सुचलं होतं की नंतर?"

"नंतर," ते म्हणाले, आणि मग, "तेव्हाच."

"तो दुसरा मुलगाही पंधरा वर्षांचाच होता, सर."

"तो अध्यक्षांचा नातू होता."

"म्हणून?"

देवानंद सरांनी बाकावर पडलेलं कडुनिंबाचं पान झटकलं. मग रात्रभर ज्यानं त्यांना झोपू दिलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"ग्लोव्हज बदलले, ते तुम्ही बघत होतात. तेव्हा बोलला असतात तर नोकरी गेली असती, हे मला समजतं. पण टॉवेल तुमच्या खांद्यावर होता. कोचनं टॉवेल रिंगमध्ये टाकला की लढत तिथल्या तिथे थांबते. का म्हणून कुणी विचारत नाही. कधीही टाकता आला असता."

"टाकला असता तं हरलो असतो."

"एवढंच?"

"दोन राउंड झाले होते, मॅडम. काही झालं नव्हतं. मले वाटलं, सुकला असंल. मी पुसून पुसून पाहात होतो, टॉवेलाला काही लागत नव्हतं. एकच राउंड राह्यला होता. अन् थो जिंकू शकत होता. आत गेला असता तं..." ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा ऐकू आलं असावं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

थोड्या वेळानं ते उठले. "पोलिसांकडे येतो मी. पण आधी जीवनले माझ्या तोंडानं सांगतो."

कुंदाताई त्यांच्या मागोमाग वरपर्यंत गेल्या. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत आरती मुलाला संत्र्याच्या फोडी सोलून देत होती. देवानंद सर दाराशी उभे राहिले. पाऊल आत टाकलं आणि मागे घेतलं. जीवनची पट्टी बांधलेली बाजू दाराकडे होती, त्याला ते दिसले नाहीत. मग ते वळले आणि जिना उतरून मुकाट्यानं कुंदाताईंच्या गाडीत जाऊन बसले.

७

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. देवानंद सरांनी पोलिसांसमोर काहीही लपवलं नाही. संस्थेनं पत्रक काढलं, त्यात अकोला शाखेतल्या एका विकृत प्रशिक्षकाचा निषेध केला आणि अकोल्याचं बॉक्सिंग कायमचं बंद केलं. अमरावतीचं चालू राहणार होतं.

"कोपरा तुम्ही बदललात, हेही यात यायला हवं," कुंदाताई मोरोपंतांना म्हणाल्या.

"त्याचा काय संबंध?" मोरोपंतांनी अगदी मनापासून विचारलं. "देवाची कृपा म्हणून बुद्धी झाली मला. नाहीतर आज माझा स्वानंद त्या खाटेवर असता."

नत्थुजीला जिमखान्यातून काढून बागेच्या कामाला लावलं. चुना शेवटी त्याचाच होता, असं कारण दिलं. कुंदाताईंनी समितीचा राजीनामा दिला. तो मोरोपंतांनी दुःखपूर्वक स्वीकारला आणि त्यांच्या जागी दुसऱ्या वकिलाची नेमणूक झाली.

डॉक्टर देवश्रींनी आरतीला डोळ्याचं सांगितलं. सरांचं जीवनला सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं. आरती म्हणाली, मी सांगनार नाई, माया तोंडातून ते निंघनार नाई. मग कुंदाताई गेल्या.

जीवन भिंतीला टेकून बसला होता. उघड्या डोळ्यानं त्यानं त्यांना ओळखलं. आई डबा आणायला खाली गेली होती.

"मॅडम, सर काऊन येऊन नाई राह्यले? माया राग आला का त्यायले?"

"राग कशाचा?"

"म्या त्यायचं ऐकलं नाई. ते दूर राह मनत होते. म्या ऐकलं असतं तं असं झालं नसतं. तुमी त्यायले सांगा, माई चूक हाय."

कुंदाताईंनी आयुष्यात कितीतरी आयांना, बायकांना, बापांना निकाल सांगितले होते. त्यांनी खुर्ची जवळ घेतली आणि सगळं सांगितलं, जेवणाच्या पंगतीपासून टॉवेलपर्यंत. काही वगळलं नाही. त्यांना वाटलं, चूक आपली आहे हे ओझं घेऊन या मुलानं जगू नये. निदान एवढं तरी आपल्या हातून व्हावं.

जीवन ऐकत होता. सांगून झाल्यावर त्यानं गुडघे जवळ ओढले आणि चादरीचा काठ बोटांत धरून तो ओढत राहिला.

"तुमी हे साऱ्यायले सांगतलं?"

"पोलिसांना सांगावं लागलं."

"कुलदीपले?"

"त्यालाही कळलं असेल आता."

"मंग आमाले कोन शिकवनार?"

कुंदाताईंनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"नत्थुजीच होते ना आधी," जीवन म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, तो नुसताच बोलत होता. "चुकून झालं मनून. तेच बरं होतं. तेवढंच राहू द्याचं होतं. तुमी काऊन शोधलं?"

"खरं कळायला नको होतं का तुला?"

"नाई," तो म्हणाला.

आरती डबा घेऊन आत आली. कुंदाताईंसाठी तिनं खालून चहा आणला होता. तो तिनं त्यांच्या हातात दिला आणि मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती त्यांच्याकडे पाठ करून खाटेवर बसली आणि भात कालवायला लागली.

चहा संपेपर्यंत कुंदाताई तिथे उभ्या राहिल्या. कप कुठे ठेवायचा ते त्यांना कुणी सांगितलं नाही.